सीताबर्डी, नोव्हेंबर १८१७: तह असताना लढाई का झाली?

नागपूरच्या सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे वर्षातले मोजकेच दिवस सर्वांसाठी उघडा असतो. २६ जानेवारी हा त्यातला एक. त्या दिवशी मी राज्यशास्त्राच्या मुलामुलींना घेऊन वर जातो. पूर्वेला भोसल्यांच्या राजवाड्याभोवतीची महालाची वस्ती, पश्चिमेला रेसिडेन्सी, म्हणजे कंपनीच्या दरबारातल्या वकिलाचे (रेसिडेंटचे) ठाणे, होती ती बाजू, आणि मध्ये ही टेकडी. खरे तर टेकड्या दोन: दक्षिणेची मोठी, उत्तरेची लहान. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत, सुमारे अठरा तास, नागपूरकर भोसल्यांची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज या दोन टेकड्यांसाठी लढली.

या वर्षी वर उभे असताना एका मुलीने विचारले, "सर, दीड वर्षापूर्वीच तर तह झाला होता. मग लढले काहून?"

नागपुरात या प्रश्नाची दोन उत्तरे ऐकायला मिळतात. एक, नागपूरचा तेव्हाचा राजा आप्पासाहेब भोसले बेभरवशाचा माणूस होता. हे मूळचे कंपनीच्या कागदांतले उत्तर. दुसरे, इंग्रज कपटी होते. दोन्ही उत्तरे माणसांच्या स्वभावावर येऊन थांबतात. पण स्वभाव तर १८१६ मध्येही तेच होते, आणि तेव्हा याच दोघांनी तह केला. तोच आप्पासाहेब, तोच रेसिडेंट, तीच कंपनी. मे १८१६ मध्ये सही आणि नोव्हेंबर १८१७ मध्ये गोळीबार. मधे काय बदलले याचे उत्तर स्वभावात सापडत नाही. म्हणून हे प्रकरण मी वर्गात वाटाघाटींच्या सिद्धान्ताच्या कसोटीला लावतो. हा लेख म्हणजे ती कसोटी सविस्तर मांडण्याचा प्रयत्न आहे.

सिद्धान्त काय म्हणतो

जेम्स फिअरन या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये हा विचार नेमका मांडला. त्याचा गाभा नागपुरातल्या कळमन्याच्या फळबाजारात उभे राहिले की समजतो. संत्र्याची गाडी येते. बागाईतदाराला एक भाव हवा असतो, व्यापाऱ्याला दुसरा. दोघे अडून बसले तर दुपारपर्यंत माल सुकतो, डागी निघतो, आणि नुकसान दोघांचे होते. माल नासण्याआधी कुठला तरी एक भाव असा असतोच, जो अडून बसण्यापेक्षा दोघांनाही परवडतो. युद्धाचेही तसेच. लढण्यात माणसे मरतात, खजिना रिकामा होतो. लढून शेवटी जी वाटणी होणार, तिच्या आसपासची वाटणी न लढता केली तर तो खर्च दोघांचाही वाचतो. मग शहाणी माणसे लढतात कशाला?

फिअरनची कारणे तीन. पहिले, दडवलेली माहिती: आपले बळ आणि आपली जिद्द प्रत्येकाला स्वतःची ठाऊक असते, समोरच्याची नसते, आणि ती फुगवून किंवा लपवून सांगण्यातच दोघांचा फायदा असतो. दुसरे, बांधिलकीचा पेच: आज कबूल केलेले उद्या पाळले जाईल याची खात्री देणारा कोणी नसतो, विशेषतः उद्या एक जण अधिक बलवान होणार असेल तेव्हा. तिसरे, वाटता न येणारी वस्तू. तिसऱ्या कारणाला तो स्वतःही फारसे वजन देत नाही.

कसोटीसाठी एक गोष्ट आधी ठरवावी लागते. घटना घडून गेल्यावर तिला यांतले कोणतेही कारण चिकटवता येते. त्याने काहीच सिद्ध होत नाही. प्रत्येक कारण खरे असेल तर लढाईनंतर काय दिसायला हवे, हे आधी बोलून दाखवले पाहिजे. माहितीचा गोंधळ हेच कारण असेल, तर लढाईने बळाबळ उघड झाल्यावर तह व्हायला हवा आणि तो टिकायला हवा. बांधिलकीचा पेच असेल, तर बळाबळ कळूनही तह टिकणार नाही. मुलांना मी हेच सांगतो: लढाई कशी सुरू झाली ते वाचाच, पण निकाल लागल्यानंतरचे सहा महिने जास्त बारकाईने वाचा.

प्रकरण

देवगावच्या १८०३ च्या तहात दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड गमावला, पण कंपनीची तैनाती फौज, म्हणजे राज्याच्या खर्चाने राज्यातच ठेवायची कंपनीची पलटण, मात्र शेवटपर्यंत नागपुरात येऊ दिली नाही. मार्च १८१६ मध्ये ते वारले. मुलगा परसोजी आंधळा आणि व्याधीग्रस्त. राज्य चालवणे त्याच्याकडून होण्यासारखे नव्हते. कारभार कोणी हाती घ्यायचा यावरून दरबारात तट पडले. रघूजींचा पुतण्या मुधोजी, म्हणजेच आप्पासाहेब, याने रेसिडेंट रिचर्ड जेनकिन्सचा आधार घेतला आणि मेच्या अखेरीस तैनाती फौजेच्या तहावर सही केली. फौजेच्या खर्चापोटी वर्षाला साडेसात लाख रुपये द्यायचे, शिवाय स्वतःची ३,००० घोडदळाची आणि २,००० पायदळाची तुकडी मदतीला तयार ठेवायची.

१ फेब्रुवारी १८१७ ला परसोजी अंथरुणात मृत सापडला. आप्पासाहेब तेव्हा चांद्याला होता. खून त्याच्याच सांगण्यावरून झाल्याचा पुरावा कंपनीने पुढे गोळा केला. आप्पासाहेबाला न्याय द्यावा असे मला मनापासून वाटते, पण या मृत्यूकडे काणाडोळा करून तो देता येणार नाही.

त्याच वर्षी गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जने पेंढाऱ्यांचा बंदोबस्त करायचा म्हणून लाखाहून अधिक फौज मैदानात उतरवली. जूनमध्ये पुण्याच्या तहाने दुसऱ्या बाजीराव पेशव्याकडून मराठा सरदारांवरचा हक्क सोडल्याचे लिहून घेतले. ५ नोव्हेंबरला पेशवा खडकीला लढला आणि हरला. १७ तारखेला पुणे पडले. त्यानंतर काहीच दिवसांनी आप्पासाहेबाने रेसिडेंटला कळवले की पेशव्याकडून खिलत (मानाचा पोशाख), जरीपटका (मराठ्यांचे निशाण) आणि सेनापतिपद आले आहे, आणि ते आपण समारंभाने स्वीकारणार आहोत. जेनकिन्सने विरोध केला. समारंभ झाला. कंपनीची पलटण तेलंगखेडीची छावणी सोडून टेकड्यांवर आली.

टेकड्यांवर कर्नल स्कॉटच्या हाताखाली सुमारे १,४०० माणसे होती. समोर सुमारे १८,०००, त्यात तीन-चार हजार भाडोत्री अरब शिपाई, आणि पस्तीसच्या आसपास तोफा.

पहिली कसोटी: माहिती

एवढे आकडे ऐकले की मुले म्हणतात, राजाचा अंदाज चुकला. मला हे मान्य नाही. १,४०० विरुद्ध १८,००० हा हिशेब मांडणाऱ्याला कोणी मूर्ख म्हणू नये. लढाईही एकतर्फी झाली नाही. लहान टेकडीच्या पायथ्याशी झोपड्यांची दाटी होती. तिच्या आडून अरबांनी रात्रभर गोळीबार केला, सकाळी ती टेकडी घेतली आणि तिथलीच तोफ मोठ्या टेकडीकडे वळवली. त्या घटकेला कंपनीचा खेळ संपल्यात जमा होता. कॅप्टन फिट्झगेराल्डने वरून हुकूम नसताना बंगाल घोडदळाच्या तीन तुकड्या रेसिडेन्सीच्या आवारातून बाहेर काढून खुल्या मैदानातल्या फौजेवर घातल्या आणि तोफा हिसकावल्या. ते पाहून टेकडीवरच्यांना बळ आले. तेवढ्यात अरबांच्या गोटात दारूगोळ्याचा स्फोट झाला, आणि लहान टेकडी परत घेतली गेली. कंपनीचे ३६७ जण ठार किंवा जखमी झाले, म्हणजे दर चौघांत एकाहून जास्त.

असा निसटता निकाल कोणाच्या बळाविषयी काय सांगतो? फारच थोडे. खरी माहिती पुढच्या पंधरवड्यात मिळाली. २९ नोव्हेंबरला कर्नल गाहन कुमक घेऊन पोचला आणि १२ डिसेंबरला जनरल डव्हटन मोठी फौज घेऊन आला. कंपनीचे बळ टेकडीवर नव्हतेच. दूरच्या छावण्यांतून किती दिवसांत किती पलटणी इथे आणता येतात, त्यात ते होते. जेनकिन्सला ते ठाऊक होते. महालात बसलेल्यांना ते डोळ्यांनी दिसत नव्हते. सिद्धान्त ज्याला दडवलेली माहिती म्हणतो ती इथे नेमकी हीच. शिवाय पेंढाऱ्यांच्या नावाखाली चाललेली फौजेची हालचाल दोन्ही अर्थांनी वाचता येत होती.

याला ताडून पाहायला एक जोडप्रकरण हाताशी आहे, आणि ते मला फार मोलाचे वाटते. दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरचा तह मान्य केला तो ५ नोव्हेंबर १८१७ ला, खडकीची लढाई झाली त्याच दिवशी. तेच वर्ष, तीच कंपनी, पेंढाऱ्यांचा तोच प्रश्न. फरक एवढाच की हेस्टिंग्ज स्वतः सैन्य घेऊन शिंद्यांच्या जवळ येऊन बसला होता. बळ डोळ्यांसमोर होते. ग्वाल्हेरला सही झाली, नागपुरात गोळी सुटली. माहितीच्या कारणाचा एवढा स्वच्छ पुरावा इतिहासात सहसा मिळत नाही.

पण इथेच सावध राहायला हवे. शिंद्यांच्या दरबारात तोवर तैनाती फौज नव्हती, नागपुरात होती. म्हणजे दुसऱ्या कारणाचाही फरक याच जोडीत आहे. एका जोडीवरून दोन्ही कारणे वेगळी काढता येत नाहीत, आणि ती काढल्याचा आव मी आणणार नाही.

खिलतीचा मुद्दा

आता वाटता न येणारी वस्तू, हे तिसरे कारण. जरीपटका अर्धा स्वीकारता येत नाही, हे खरे. पेशवा मालक की कंपनी मालक, या प्रश्नाचे उत्तर एकच असू शकते. तरीही मराठी दरबारांनी दोन धन्यांना एकाच वेळी मान देण्याची रीत शंभर वर्षे चालवली होती. दिल्लीचा बादशहा आणि साताऱ्याचा छत्रपती दोघांचेही मान एकाच घरात नांदत होते. वस्तू वाटता न येणारी नव्हती, कंपनीने ती तशी केली. फिअरनने या कारणाला कमी वजन दिले ते या प्रकरणात तरी योग्य ठरते.

दुसरी कसोटी: बांधिलकी

आता साडेसात लाखांकडे या. हा आकडा मी फळ्यावर लिहितो आणि वर्गाला विचारतो, हे पैसे कशासाठी? उत्तर येते, संरक्षणासाठी. मग पुढचा प्रश्न: ती फौज कुठे राहणार? तेलंगखेडीला, राजधानीच्या उशाशी. हुकूम कोणाचा? रेसिडेंटचा. म्हणजे दर वर्षी भोसल्यांचा खजिना साडेसात लाखांनी हलका होणार आणि त्याच पैशावर त्यांच्याच दारात दुसऱ्याची फौज पोसली जाणार. भोसल्यांची स्वतःची तुकडीसुद्धा कंपनीच्या कामाला बांधलेली. नेहमीच्या तहात दोन बाजूंचे बळ आहे तसे धरून वाटणी होते. हा तह मात्र पाळत गेले की बळच बदलत जाते, असा होता. सिद्धान्तात यासाठी जागा आहे: जी सवलत देऊन शांतता विकत घ्यायची, ती सवलतच पुढच्या वाटाघाटीत देणाऱ्याचा हात दुबळा करते. अशा वेळी आज लढणे आणि पाच वर्षांनी शरण जाणे, एवढे दोनच रस्ते उरतात.

आप्पासाहेबाला हे कोणी शिकवायची गरज नव्हती. पुण्याचे उदाहरण समोर होते. पेशव्याने वसईचा तह १८०२ च्या शेवटच्या दिवशी केला आणि पंधरा वर्षे भरायच्या आत त्याच्या हातून मराठा मंडळाचे नेतृत्व लिहून घेतले गेले. नागपूरने पहिले पान नुकतेच उलटले होते, पुढची पाने पुण्यात वाचायला मिळत होती. आम्ही पुढे आणखी काही मागणार नाही, असे कंपनीने शपथेवर सांगितले असते तरी ते पाळायला लावणारे तिच्या वर हिंदुस्थानात कोणी नव्हते.

मग १८१६ मध्ये सही का केली? इथे सिद्धान्ताच्या साध्या मांडणीत एक उणीव दिसते. ती मांडणी भोसले आणि कंपनी असे दोनच पक्ष धरते. सही करणारा आप्पासाहेब तेव्हा राजा नव्हता, कारभारासाठी झगडणारा एक दावेदार होता. किंमत राज्याने मोजायची होती, लाभ त्याला मिळायचा होता. परसोजीच्या मृत्यूनंतर तो स्वतःच राजा झाला, आणि मग तीच किंमत त्याच्याच खजिन्यातून जाऊ लागली. माणूस तोच राहिला, पण त्याच्या पदरी पडणारा जमाखर्च उलटा झाला. त्या मुलीच्या "काहून" चे निम्मे उत्तर मला इथे सापडते.

आता निकालानंतरचे महिने पाहू. ६ जानेवारी १८१८ ला नवा करार झाला. नर्मदेच्या उत्तरेचा मुलूख गेला, दक्षिणेकडचाही काही गेला, वऱ्हाडातले उरलेसुरले हक्क गेले, सीताबर्डीच्या टेकड्यांवर कंपनी किल्ला बांधणार हे ठरले, आणि आप्पासाहेबाला गादीवर परत बसवले. बळाबळाविषयी आता कोणाच्याच मनात शंका नव्हती. माहितीचेच कारण असते तर हा करार टिकायला हवा होता. तो सव्वादोन महिने टिकला. बाजीरावाशी गुप्त संधान आणि किल्लेदारांना किल्ले न सोडण्याची फूस, असे आरोप ठेवून जेनकिन्सने १५ मार्चला राजाला कैद केले. दुसरी बाजूही तितकीच कच्ची होती: हेस्टिंग्जच्या मनात आप्पासाहेबाला गादी परत द्यायची नव्हती, जेनकिन्सने करार आधीच करून टाकला म्हणून त्याने तो चालू दिला. म्हणजे करारावर दोघांचाही विश्वास नव्हता, आणि दोघांनाही ते माहीत होते.

माझा निष्कर्ष असा. लढाई नोव्हेंबर १८१७ मध्येच का झाली, हे माहितीच्या कारणाने समजते: पेशवा उठला होता, कंपनीची बाकीची फौज नजरेआड होती. पण लढाई मुळात का झाली आणि तिच्यानंतरही शांतता का नांदली नाही, याचे उत्तर बांधिलकीच्या पेचात आहे, आणि तो पेच तहाच्या कलमांतच होता.

राजा शरण, फौज नाही

सिद्धान्ताला सर्वांत जड जाणारी घटना १६ डिसेंबरची. डव्हटन आल्यावर आप्पासाहेबाला अटी कळवल्या गेल्या: तोफा द्या, अरबांना निरोप द्या, स्वतः रेसिडेन्सीत या. तो आला. सिद्धान्ताप्रमाणे युद्ध इथे संपायला हवे. त्याच दिवशी सक्करदऱ्याजवळ त्याची फौज लढली. तिचा पराभव झाल्यावर अरब आणि इतर शिपाई शहरात शिरले आणि राजवाडा धरून बसले. २४ डिसेंबरला जुम्मा दरवाज्यावर, म्हणजे आजच्या गांधी गेटवर, कंपनीने केलेला हल्ला फसला. राजा रेसिडेन्सीत, आणि त्याच्या नावाने त्याचाच वाडा लढतो आहे.

गांधी गेटखालून मी लहानपणापासून हजारदा गेलो असेन. तिथे ऑटो, फेरीवाले, शाळेच्या सायकली यांतून वाट काढताना हा प्रसंग डोळ्यांपुढे आणणे कठीण जाते, म्हणून मुलांना तिथे मुद्दाम उभे करतो. त्या कमानीआड असलेल्या माणसांचे घरदार दूर अरबस्तानात किंवा हैदराबाद-वऱ्हाडच्या छावण्यांत. भोसल्यांचे राज्य कोणाकडे जाते यात त्यांचा वाटा काय? त्यांना हवा होता जीव, बायकामुले आणि हत्यार घेऊन बाहेर पडायची वाट. आणि राजाने आपल्या सहीने जी वस्तू देऊन टाकली, ती तर त्यांची रोजी होती. तो सौदा त्यांच्याशी झालेलाच नव्हता.

त्यांच्याशी सौदा झाला तो हल्ला फसल्यानंतर. कुटुंबकबिला, सामान आणि हत्यारे घेऊन सुरक्षित जाऊ देण्याची हमी मिळाली, आणि ३० डिसेंबरला ते शहर सोडून गेले. म्हणजे सिद्धान्त इथे खोटा पडत नाही. वाटाघाटीला बसणाऱ्यांची संख्या मोजताना चूक झालेली असते. दोन खुर्च्या मांडून बसलो, आणि तिसरा पक्ष जुम्मा दरवाज्यात बंदूक घेऊन उभा होता. आजच्या कुठल्याही युद्धबंदीची बातमी वाचताना मी पहिल्यांदा हेच पाहतो की सही कोणी केली आणि बंदूक कोणाच्या हातात आहे.

पुढे काय झाले

कैदेत अलाहाबादकडे नेत असताना १३ मे १८१८ च्या पहाटे आप्पासाहेब शिपायाच्या वेशात निसटला. सातपुड्यातल्या महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आश्रयाला राहिला, मग अशीरगड गाठला. एप्रिल १८१९ मध्ये तोही किल्ला पडला, तेव्हा पंजाबकडे गेला. नागपूरच्या गादीवर कंपनीने दुसऱ्या रघूजींचा अल्पवयीन नातू बसवला आणि कारभार जेनकिन्सने हातात घेतला.

भटकत भटकत आप्पासाहेब जोधपूरला पोचला. महाराजा मानसिंहाने त्याला आसरा दिला. कंपनीने त्याला ताब्यात मागितले, मानसिंहाने शरण आलेल्याला देण्यास नकार दिला. अखेर आप्पासाहेबाच्या वर्तनाला मानसिंह जामीन राहील या बोलीवर कंपनीने त्याला तिथेच राहू दिले. १८१६ चा तह दीड वर्ष टिकला होता, १८१८ चा करार सव्वादोन महिने. या तिसऱ्या समझोत्यात पहिल्यांदाच दोघांच्या मध्ये कोणी जामीन उभा होता. १८४० मध्ये आप्पासाहेब जोधपुरातच वारला, आणि तोवर तो समझोता मोडला नाही.